मराठवाड्यात सोशल गोल्फ क्लबाचं सदस्य व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि सरावाच्या रविवारी समोरासमोर जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. आमचा क्लब छत्रपती संभाजीनगरचा, पण सदस्य जालना, बीड, परभणी, लातूर, नांदेड असे सगळीकडचे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. नवीन असाल तर पहिले पाच-सहा वाचलेत तरी पुरे. खेळत असाल तर १५ पासून सुरुवात करा.

१. सोशल गोल्फ क्लब म्हणजे नेमकं काय? तुमचं मैदान कुठे आहे?

मैदान नाही. भजनी मंडळाला स्वतःचं देऊळ लागत नाही. मंडळी जमतात, टाळ-पखवाज एकत्र ठेवतात आणि बोलावणं येईल त्या देवळात जाऊन भजन करतात. सोशल गोल्फ क्लब तसाच चालतो. सराव इथे माळावर, आणि खरा खेळ पुण्याला, हैदराबादला किंवा जिथे परवानगी मिळेल तिथे. त्या मैदानाशी बोलून वेळ ठरवणं, चौघाचौघांचे गट लावणं, नवीन माणसाला शिकवणं, गुणांची नोंद ठेवणं आणि वर्षभराची स्पर्धा चालवणं हे क्लबाचं काम.

२. मोठ्या क्लबांची ‘सोशल मेंबरशिप’ असते, तीच का ही?

नाही, जवळजवळ उलट. मोठ्या क्लबाच्या सोशल मेंबरशिपमध्ये सहसा उपाहारगृह, पोहण्याचा तलाव, हॉल वगैरे मिळतं. गोल्फ खेळण्याचा हक्क त्यात बहुतेक वेळा नसतो, किंवा वेगळे पैसे भरून मिळतो. आमच्याकडे इमारत नाही, तलाव नाही, खेळ आहे. नावातल्या या सारखेपणामुळे दोघा-तिघांनी दुसरीकडे पैसे भरून झाल्यावर आम्हाला फोन केला. म्हणून पावती घेण्याआधी ‘यात गोल्फ खेळता येईल का’ हे लेखी विचारा.

३. कोणाची ओळख लागते का? आमच्या घरात मोठं कोणी नाही, इंग्रजीही जेमतेम येतं.

ओळख लागत नाही. जुन्या क्लबांत दोन सदस्यांनी नाव सुचवायचं, मग समिती बघणार, मग प्रतीक्षायादी, ही पद्धत आजही आहे. भारतातला पहिला गोल्फ क्लब १८२९ मध्ये कोलकात्यात साहेबांनी काढला. तेव्हापासून या खेळाच्या दाराला एक उंच उंबरठा आहे. आमच्या दारात तो नको म्हणून शिफारशीची अट आम्ही ठेवलेलीच नाही. आमच्यात वाळूजच्या कारखान्यांतले कामगार आहेत, जालन्याचे मोसंबी बागायतदार आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापिका, दोन डॉक्टर आणि एक गॅरेजवाले आहेत. नियमांची टिपणं मराठीत केली आहेत. टी (पहिला फटका मारायची जागा), फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा), रफ (बाजूचं वाढलेलं गवत), बंकर (वाळूचा खड्डा), ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत), पट (ग्रीनवरचा हलका फटका) असे पंचवीस-तीस इंग्रजी शब्द लागतात. क्रिकेटचे आले तसे हेही येतात.

४. मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. सुरुवात कुठून करू?

रविवारी सकाळी सहाला माळावर या. पहिले दोन रविवार तुम्ही पाहुणे, पैसे घेत नाही. पहिल्या दिवशी हातात सात नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याची काठी) आणि पटर (पट मारायची काठी) दिला जातो, बाकी काही नाही. पकड, उभं राहणं आणि चेंडूकडे बघत राहणं एवढ्यातच तास जातो.

तिसऱ्या रविवारी अर्ज भरायचा: नाव, पत्ता, तातडीला कोणाला फोन करायचा, रक्तगट, काही जुनं दुखणं. वर्गणी भरली की त्याच दिवशी तुम्ही सदस्य. बाहेरच्या मैदानावर मात्र लगेच नेत नाही. आधी एखादा जुना सदस्य तुमच्याबरोबर दोन-तीन वेळा खेळून बघतो: चेंडू बऱ्यापैकी हवेत जातो का, दुसरा मारत असताना तुम्ही त्याच्या पुढे किंवा स्विंगच्या (काठी फिरण्याच्या) टप्प्यात उभे राहता का, आपली पाळी आली की तयार असता का. तिसरी गोष्ट लोकांना क्षुल्लक वाटते, पण मैदानावर एक गट रेंगाळला की मागचे सगळे गट तुंबतात, आणि पुढच्या वेळी आपल्याला त्या मैदानाचं दार बंद होतं. पहिल्या बाहेरच्या खेळात तुम्ही अठरापैकी नऊच होल (चेंडू घालायचा खड्डा, आणि तिथवरचा टप्पाही) खेळता, उरलेले नऊ चालत बघता.

५. एकूण खर्च किती येतो? वर्गणी किती?

वर्गणी दरवर्षी १७ सप्टेंबरच्या सभेत ठरते, म्हणून आकडा इथे लिहीत नाही, फोनवर सांगतो. मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी आठही जिल्ह्यांतल्या सदस्यांना एकदम असते, त्यामुळे झेंडावंदन आटोपून त्याच दिवशी सभा घेतो. प्रवेश फी नाही. किट घरी नेणार असाल तरच अनामत.

खरा खर्च वर्गणीचा नाहीच. बाहेर खेळायला गेलं की ग्रीन फी (मैदानावर खेळण्याचे पैसे), कॅडीचे (बॅग उचलून वाट सांगणाऱ्याचे) पैसे, लागलं तर किटचं भाडं, नाश्ता-जेवण आणि प्रवास, असा तो असतो, आणि वर्षात पाच-सहा वेळा गेलात तर वर्गणी त्यापुढे किरकोळ वाटते. ग्रीन फी शनिवार-रविवारी जास्त, आडवारी कमी असते. सोमवारी बरीच मैदानं देखभालीसाठी बंद ठेवतात. म्हणून आमचे निम्मे खेळ मंगळवारी-बुधवारी असतात. शेतकरी आणि दुकानदार सदस्यांना ते सोयीचं पडतं, नोकरदारांची मात्र रजा जाते. दोघांचंही भलं होईल असा वार अजून सापडलेला नाही. प्रत्येक खेळाचा पूर्ण हिशेब, माणशी किती आणि कशाकशाचे, आधी गटावर टाकतो. झेपत नसेल तर येऊ नका, कोणी विचारत नाही. सरावाला येत राहा.

६. किट विकत घ्यावंच लागतं का? मी डावखुरा आहे.

पहिले सहा महिने घेऊच नका. क्लबाचे जुने सेट आहेत, ते वापरा. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब (इथे अर्थ काठ्या) ठेवता येतात, पण तेवढे लागतातच असं नाही. एक वुड (लांब फटक्याची काठी), एक हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधली), पाच-सात-नऊ नंबरची आयर्न, एक वेज (जवळच्या उंच फटक्याची) आणि पटर एवढ्यावर आमचे निम्मे सदस्य खेळतात. घ्यायचंच झालं तर जुनं घ्या आणि घेण्याआधी कोणाला तरी दाखवा. ग्रिप (मूठ) झिजली असेल तर ती बदलता येते. शाफ्टला (दांड्याला) तडा असेल तर सोडून द्या.

डावखुऱ्यांसाठी आमच्याकडे एक अर्धा सेट आहे, तो आळीपाळीने वापरावा लागतो. उजव्या हाताने शिकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ऑलिंपिक खेळलेल्या आपल्या दीक्षा डागर डावखुऱ्याच आहेत.

७. इथे उन्हाळ्यात टँकर येतो आणि तुम्ही गोल्फ खेळता. पाण्याचं काही वाटत नाही का?

हा प्रश्न रागाने येतो आणि राग रास्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. आमचे लातूरचे सदस्य त्या दिवसांत घागरी घेऊन रांगेत उभे होते. अठरा होलच्या मैदानाला शंभर एकरांच्या वर जमीन लागते आणि त्यावरचं गवत वर्षभर हिरवं ठेवायचं तर पाणी लागतंच. ते नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणूनच क्लबाच्या घटनेत पहिल्या दिवसापासून एक कलम आहे: क्लब मराठवाड्यात गवताचं मैदान करणार नाही आणि सरावासाठी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरणार नाही. सराव एका सदस्याच्या मुरमाड माळावर होतो, जिथे तसंही काही पिकत नव्हतं. फटका चटईवरून मारायचा. पट मारण्यासाठी ग्रीनऐवजी ‘ब्राउन’ आहे. हा आमचा शोध नव्हे. देशातल्या कोरड्या भागांत, विशेषतः छावण्यांच्या जुन्या मैदानांवर, वाळूत तेल मिसळून दाबलेले असे गोल असत, आणि खेळून झालं की पावलांचे ठसे ओढून सपाट करायचे असा रिवाज होता. आम्ही तेल घालत नाही, कारण ते मातीत आणि पुढे कोणाच्या तरी विहिरीत उतरतं. चाळलेली वाळू नुसती रोलरने दाबतो. वाऱ्याच्या दिवसांत ती उडते, मग शनिवारी संध्याकाळी चौघांनी जाऊन पुन्हा पसरायची. सदस्यत्वाच्या अर्जात या कामाची पाळी लिहिलेली आहे, ती डॉक्टरांनाही चुकत नाही.

दुसऱ्याच्या मैदानावर खेळून आम्ही पाणी वाचवतो असा दावा मात्र करत नाही. जे मैदान आधीपासून आहे त्यावर चार माणसं जास्त खेळली म्हणून पाणी वाढत नाही, आणि इथे नवं मैदान लागत नाही, एवढंच आमचं म्हणणं. मैदान निवडताना ते सांडपाणी शुद्ध करून वापरतात का हे आम्ही विचारतो. दोन पर्याय असतील तर वापरणाऱ्याकडे जातो.

८. मी उदगीरचा आहे. दर रविवारी संभाजीनगरला येणं जमणार नाही. तरी चालतंय का?

चालतंय. महिन्यातून एकदा लातूरला सराव असतो, नांदेडचे सदस्यही तिथेच येतात. दर आठवड्याला हजेरीची सक्ती नाही. वर्षात चार सराव आणि एक बाहेरचा खेळ एवढी अपेक्षा आहे, आणि तीही न जमल्यास फोन करून सांगितलं तर पुरतं. उदगीर, देगलूर, नांदेडकडच्या लोकांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडतं आणि तिथे ओळखीपाळखीही असतात. आपल्या या भागाचा त्या शहराशी असलेला संबंध १९४८ ला संपला नाही. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्याला लागून जे मैदान आहे, तिथे तटबंदीच्या सावलीत खेळायला मिळणं हा आमच्या वर्षातला सगळ्यात सुंदर दिवस असतो.

९. कपड्यांचं काय? टी-शर्ट आणि जीन्स चालेल का?

माळावर काहीही चालतं, फक्त पायात बूट हवेत. मुरमात चपला सटकतात. बाहेरच्या मैदानावर मात्र त्यांचा नियम: बहुतेक ठिकाणी कॉलरचा टी-शर्ट आत खोचलेला, साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची चड्डी, जीन्स नाही, गोल गळ्याचा टी-शर्ट नाही, टोकदार धातूच्या खिळ्यांचे बूट नाहीत. पहिल्याच वर्षी एका मैदानाच्या दारातून आमच्या तिघांना गोल गळ्याच्या टी-शर्टमुळे परत पाठवलं. पहाटे तीनला घरून निघालेली माणसं होती ती. तेव्हापासून क्लबाच्या गाडीत कॉलरचे चार जादा टी-शर्ट असतात. ते कोणीही, न लाजता मागावेत.

१०. महिलांना वेगळं सदस्यत्व आहे का? नवऱ्याच्या नावावर चालेल?

नवऱ्याच्या नावावर चालत नाही, कारण सदस्यत्व माणसाचं असतं, घराचं नाही. पती-पत्नी दोघांनी घेतलं तर दुसऱ्या वर्गणीत सवलत आहे, पण मत दोघांचं स्वतंत्र. मुलगा असो की सून, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हाच नियम. सदस्य वारला तर त्याचं सदस्यत्व वारसाकडे जात नाही. त्याचं किट जातं.

सरावाला सलवार-कमीज चालते, ओढणी पिनने नीट बांधा. साडीत पट आणि चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) जमतं, पूर्ण स्विंगला पदर आड येतो. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बायका ती विचारायला संकोचतात: माळावर स्वच्छतागृह नाही. ते सदस्याच्या शेतघरात आहे, पाच मिनिटांच्या चालीवर, आणि रविवारी उघडं असतं. खेळाबद्दल म्हणाल तर ताकद कमी म्हणून काही अडत नाही. पुढच्या टीवरून मारायचं, हँडिकॅप बाकीचं बघतो (प्रश्न १५). टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथ्या आल्या त्या लांब फटक्यांमुळे नव्हे, पटरमुळे.

११. मुलांना घेता का?

दहा वर्षांपासून पुढे, आणि आई-वडलांपैकी एक जण मैदानावर हजर असेल तर. मोठ्यांच्या काठ्या कापून मुलांना देऊ नका. त्या आखूड होतात पण जडच राहतात आणि मुलांची पाठ बिघडते. मुलांची वर्गणी नाममात्र आहे. दहावी-बारावीच्या वर्षात सदस्यत्व थांबवून ठेवता येतं, लातूरच्या पालकांनी ही सोय मागून घेतली.

१२. माझं वय ६३, गुडघे दुखतात. जमेल का?

डॉक्टरांना विचारून या. अठरा होल म्हणजे सात-आठ किलोमीटर चालणं सहज होतं, पण चार-साडेचार तासांत, थांबत थांबत. आमच्यातले काही जण नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पंढरपूरपर्यंत चालत जातात, त्यांना हे चालणं काहीच वाटत नाही. ज्यांना जड जातं ते नऊ होल खेळतात किंवा कार्ट (मैदानात फिरायची छोटी गाडी) घेतात. गुडघ्यापेक्षा कंबर सांभाळा. सरावाच्या आधी दहा मिनिटं अंग मोकळं केल्याशिवाय आम्ही कोणालाही चेंडू देत नाही.

१३. क्लब म्हटलं की दारू आलीच, असं घरचे म्हणतात. खरं काय?

सरावाला, प्रवासात आणि खेळ संपेपर्यंत दारू नाही. क्लबाच्या पैशातून एक रुपयाही दारूवर जात नाही. खेळ संपल्यावर त्या मैदानाच्या उपाहारगृहात कोणी स्वतःच्या पैशाने काय घेतो हा त्याचा प्रश्न, मात्र गाडी चालवणाऱ्याने नाही. घरच्यांना एक रविवार बरोबर घेऊन या. चहा-पोहे बघून जातील.

१४. कॅडी घ्यावाच लागतो का? मी माझी बॅग स्वतः उचलेन.

बऱ्याच मैदानांवर घ्यावाच लागतो, आणि जिथे सक्ती नाही तिथेही आम्ही घेतो. अनोळखी मैदानावर कोणता उतार कुठे नेतो, पलीकडे पाणी आहे का, पावसानंतर रफमध्ये कुठे पाय टाकू नये, हे त्या माणसाला ठाऊक असतं. आपल्याला ते एका दिवसात कळणार नाही. नियमही कॅडीला मान देतो. खेळ चालू असताना दुसऱ्या खेळाडूकडून फटक्याचा सल्ला मागितला तर दंड बसतो, स्वतःच्या कॅडीला मात्र काहीही विचारता येतं.

या देशातले कितीतरी मोठे खेळाडू कॅडी म्हणून खेळाला लागले. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. म्हणून आमच्या क्लबात कॅडीला अरे-तुरे केलेलं चालत नाही. नाव विचारायचं, दादा किंवा काका म्हणायचं, आपल्याबरोबर त्यांचाही चहा सांगायचा, आणि ठरलेले पैसे गाडीत बसण्याआधी हातात द्यायचे. फटका चुकला म्हणून कॅडीवर ओरडणाऱ्या एका सदस्याला समितीने तीन महिने बाहेरच्या खेळाला नेलं नाही. चांगला खेळाडू होता. तो परत आला, आणि आता नवीन लोकांना हा नियम तोच समजावून सांगतो.

१५. हँडिकॅप म्हणजे काय? आणि स्टेबलफोर्ड? आकडे बघूनच डोकं गरगरतं.

एकदा उदाहरण करून बघा, पुन्हा गरगरणार नाही.

हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाला मिळणारी फटक्यांची सूट. त्यामुळे कालचा शिकाऊ आणि वीस वर्षांचा खेळाडू एकाच स्पर्धेत बरोबरीने उतरू शकतात. दुसऱ्या कुठल्या खेळात हे इतकं सरळ होत नाही, आणि मला गोल्फ आवडण्याचं अर्धं कारण हेच आहे. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे. ५४ होलांचे स्कोअर जमा झाले की इंडेक्स (हँडिकॅपचा अधिकृत आकडा) मिळतो, पुढे शेवटच्या २० स्कोअरपैकी सर्वोत्तम ८ धरून तो बदलत राहतो. कमाल मर्यादा ५४.०, बाई-पुरुष दोघांनाही.

इंडेक्स सगळीकडे एकच, पण प्रत्येक मैदान वेगळं, म्हणून तो मैदानागणिक बदलून घ्यायचा. समजा इंडेक्स २८.४, मैदानाचा स्लोप (साधारण खेळाडूला ते किती अवघड, याचा आकडा; ११३ म्हणजे सर्वसाधारण) १२०, कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागतील ते फटके) ७१.२ आणि पार (मैदानाला ठरवून दिलेले फटके; होललाही तसाच असतो) ७२. २८.४ ला १२० ने गुणून ११३ ने भागा, ३०.१६ येतात. त्यात रेटिंग आणि पारमधला फरक, म्हणजे उणे ०.८, मिळवा. २९.३६. वैयक्तिक स्पर्धेत याचे ९५ टक्के धरतात, म्हणजे २८ फटके.

आता हे २८ अठरा होलांवर वाटायचे. प्रत्येकावर एक, आणि उरलेले दहा सगळ्यात अवघड दहा होलांवर एकेक जादा. कुठला होल किती अवघड ते कार्डावर स्ट्रोक इंडेक्स म्हणून छापलेलं असतं. पार ४ चा होल, स्ट्रोक इंडेक्स ५, तर तिथे तुम्हाला दोन फटके सूट. सहा फटक्यांत संपवलात तर तुमच्यापुरता तो पार, स्टेबलफोर्डचे (एकूण फटक्यांऐवजी होलागणिक गुण मोजायच्या पद्धतीचे) २ गुण. पाचात ३ गुण, सातात १, आठ झाले की शून्य. शून्य दिसलं की चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं, एका वाईट होलमुळे सगळा दिवस जात नाही. नवीन माणसांसाठी यापेक्षा माणुसकीची पद्धत नाही, म्हणून आमच्या सगळ्या स्पर्धा स्टेबलफोर्ड असतात.

१६. माळावर मी मस्त खेळतो. तो स्कोअर हँडिकॅपला धरतात का?

नाही. अधिकृत इंडेक्ससाठी मैदानाचं रेटिंग झालेलं असावं लागतं, खेळ नियमांनुसार आणि किमान एका माणसासोबत झालेला असावा लागतो, कार्डावर मार्करची (तुमचे फटके लिहून ठेवणाऱ्याची) सही लागते. आमच्या माळाला रेटिंग नाही. एकट्याने पुण्यात जाऊन खेळलेली फेरीही धरत नाहीत.

आमच्याकडे दिला जातो तो ‘क्लबाचा आकडा’. समिती तुमचा खेळ बघून ठरवते, आमच्या स्पर्धांपुरता तो चालतो. बाहेरच्या खुल्या स्पर्धेत तो दाखवू नका. अधिकृत इंडेक्स हवा असेल तर इंडियन गोल्फ युनियनच्या (या खेळाच्या देशातल्या संघटनेच्या) व्यवस्थेतल्या एखाद्या संलग्न क्लबामार्फत घ्यावा लागतो. कुठे आणि कसा, ते आम्ही सांगतो. ज्यांच्याकडे अधिकृत इंडेक्स आहे त्यांना आमच्याकडेही तोच लागू, दोन आकडे ठेवता येत नाहीत.

१७. मी पुण्याच्या एका क्लबाचा आधीच सदस्य आहे. तुमचंही होता येईल का?

होता येईल, बरेच जण आहेत. इंडेक्स सांभाळणारा तुमचा मूळ क्लब एकच असतो, तो पुण्याचाच राहील. एक विनंती: तुमच्या क्लबात पाहुणे नेण्याची मुभा असेल तर ती आमच्या लोकांसाठी वापरायची की नाही हे तुम्हीच ठरवा. आमचे सदस्य तशी गळ घालणार नाहीत. घातली तर समितीला सांगा.

१८. उन्हाळ्यात आणि पावसात काय करता? बुकिंग झाल्यावर पाऊस आला तर पैसे?

एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत बाहेरचे खेळ नाहीत. सराव साडेआठला बंद. डोक्याला टोपी किंवा पंचा आणि दोन लिटर पाणी नसेल तर परत पाठवतो. ऑक्टोबरात सोयाबीनच्या काढणीमुळे माणसं कमी असतात. खरा मोसम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी.

विजेबद्दल कोणाचं ऐकत बसू नका. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या अवकाळीत आणि परतीच्या पावसात शेतात वीज पडून दरवर्षी माणसं जातात, आणि मोकळ्या मैदानात हातात लोखंडी काठी घेऊन उभं राहणं तेवढंच धोक्याचं आहे. वीज पडेल असं वाटलं तर खेळ थांबवण्याची परवानगी नियमच देतो, दंड बसत नाही. झाडाखाली थांबू नका. पैशाचं म्हणाल तर मैदानाने परत दिले तर पूर्ण परत, नाही दिले तर नुकसान त्या दिवशीच्या सगळ्यांत वाटून घेतो. आदल्या रात्री नाव मागे घेणाऱ्याला मात्र ग्रीन फी भरावी लागते. घरात आजारपण किंवा दुःख असेल तर नाही.

१९. माझा चेंडू कोणाला लागला किंवा गाडीची काच फुटली तर?

चेंडू ४५ ग्रॅमच्या आसपासचा आणि दगडासारखा टणक. माणसाच्या दिशेने जातोय असं वाटताच ‘फोर’ असं पूर्ण ताकदीने ओरडा, लाजू नका. ज्याने मारला त्याची जबाबदारी, आणि लपवाछपवी केलेली क्लब खपवून घेत नाही. नियमित खेळणाऱ्यांनी गोल्फरचा विमा घ्यावा असं आम्ही सांगतो. त्यात दुसऱ्याला झालेली इजा किंवा नुकसान धरलेलं आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या. माळावर एका वेळी एकाच बाजूने फटके मारतात आणि शिट्टी वाजल्याशिवाय कोणीही चेंडू वेचायला पुढे जात नाही. हा नियम मोडणाऱ्याचा त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो.

२०. माझी बदली झाली तर वर्गणी परत मिळेल का?

सहा महिन्यांच्या आत बदली झाली तर अर्धी, नंतर नाही. त्याऐवजी ‘बाहेरगावचा सदस्य’ म्हणून राहता येतं, तेव्हा वर्गणी चौथाई. परत आलात की पूर्ण सदस्यत्व, नव्याने अर्ज न करता. सदस्यत्व दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही.

२१. मी शाळेत पीटीचा शिक्षक आहे. मुलांना गोल्फ शिकवलं तर मी हौशी खेळाडू राहतो का? आणि बक्षीस रोख घेतलं तर?

शिकवण्याचे पैसे घेतले की हौशी दर्जा जातो, असा सर्वसाधारण नियम आहे. पण शाळा-महाविद्यालयातल्या नोकरदाराला सूट आहे: तुमच्या एकूण कामाच्या वेळेपैकी निम्म्याहून कमी वेळ गोल्फ शिकवण्यात जात असेल तर दर्जा राहतो. कबड्डी, खो-खो, कवायत यांबरोबर आठवड्याला दोन तास गोल्फ घेत असाल तर काळजी नको. संध्याकाळी खासगी फी घेऊन शिकवलंत तर गोष्ट वेगळी. ते करायला हरकत नाही, फक्त मग आमच्या स्पर्धेत बक्षिसासाठी उतरता येणार नाही.

हँडिकॅपच्या स्पर्धेत रोख बक्षीस हौशी खेळाडूला घेता येत नाही. आम्ही चेंडूंचा डबा, हातमोजा किंवा पैठणचा पंचा देतो. पैज लावून खेळणं क्लबाच्या खेळात बंद आहे.

२२. आमच्या परभणीतच असा क्लब काढायचा असेल तर? आणि कोणी पैसे गोळा करत असेल तर तो क्लब खरा कसा ओळखायचा?

दोन्हीचं उत्तर एकच. नोंदणीला किमान सात जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात ती होते. दरवर्षी हिशेब तपासून तिथे द्यावा लागतो. तेव्हा पैसे मागणाऱ्याला नोंदणी क्रमांक, घटनेची प्रत आणि मागच्या वर्षीचा हिशेब मागा. खऱ्या क्लबाला ते दाखवायला पाच मिनिटं लागतात. ‘लवकरच आपलं स्वतःचं मैदान होणार, आता आजीव सदस्य व्हा’ असं कोणी म्हणालं तर सातबारा मागा आणि पाणी कुठून आणणार ते विचारा (प्रश्न ७). आमच्या घटनेची प्रत हवी असेल त्याला देतो, जशीच्या तशी वापरा.

२३. होल-इन-वन झाला तर सगळ्यांना पार्टी द्यावी लागते म्हणे. मला परवडणार नाही.

एका फटक्यात चेंडू होलमध्ये गेला की सगळ्यांना पाजायचं, हा रिवाज जगभर आहे. आमच्याकडे तो उलटा केला आहे: ज्याचा होल-इन-वन होईल त्याचा त्या दिवसाचा खर्च बाकीचे वाटून घेतात, आणि परतीच्या वाटेवर उसाचा रस त्याच्या हातून सगळ्यांना. आजवर दोघांचा झाला. दुसऱ्या वेळी ज्यांचा झाला त्या मुख्याध्यापिकाबाईंनी चेंडू होलमध्ये बघितला आणि आधी कॅडीकाकांना नमस्कार केला. चेंडू जपून ठेवा, आणि त्या गडबडीत कार्डावर मार्करची सही घ्यायची राहून जाते, ती आधी घ्या.